पंख काढले, पण पंखांचं काम कुणाला दिलं? ‘फेट : द विंक्स सागा’चा प्रकरण अभ्यास

नाशिकमध्ये एकांकिका बसवणारी आणि मोबाइलवर शॉर्ट फिल्म करणारी बरीच मुलं लहानपणी पाहिलेल्या कार्टूनला हाडामांसाच्या माणसांत उतरवायचं स्वप्न बघतात. त्यांच्यासाठी हे प्रकरण निवडलं आहे. मोठं नाव, पुरेसा पैसा, हक्काचा प्रेक्षक, चांगले नट, सगळं हाताशी असतानाही रूपांतर कसं हुकतं ते यात टप्प्याटप्प्यानं दिसतं. बिघाड नेमका कुठे झाला ते दाखवता येतं, म्हणून त्यातून शिकताही येतं.

मूळ काय होतं

इजिनियो स्ट्राफी यांची ‘विंक्स क्लब’ ही इटालियन अ‍ॅनिमेशन मालिका 28 जानेवारी 2004 रोजी राई 2 वाहिनीवर सुरू झाली. निर्मिती त्यांच्याच रेनबो स्टुडिओची. पृथ्वीवर वाढलेल्या ब्लूमला आपण परी असल्याचं कळतं आणि ती अल्फिया या पऱ्यांच्या शाळेत जाते. तिथे स्टेला, फ्लोरा, म्युझा, टेक्ना आणि दुसऱ्या पर्वापासून आयशा अशा मैत्रिणी जमतात. समोर क्लाउड टॉवर ही चेटकिणींची शाळा आणि तिथल्या आयसी, डार्सी, स्टॉर्मी या तिघी, म्हणजे ट्रिक्स. तिसरी शाळा रेड फाउंटन, लढवय्या मुलांची. रंग भडक, कपडे फॅशनचे आणि दर भागात एकदा तरी संगीताच्या तालावर मुलींचा पंखवाल्या परीत कायापालट.

‘फेट : द विंक्स सागा’ नेटफ्लिक्सवर 22 जानेवारी 2021 रोजी आली. आर्चरी पिक्चर्स आणि रेनबो यांची ही निर्मिती. लेखनाची सूत्रं ब्रायन यंग यांच्याकडे होती. किशोरवयीन व्हॅम्पायर मालिकेच्या लेखनातून ते आलेले, आणि त्या प्रकारच्या मालिकांची चाल इथे जागोजागी जाणवते. चित्रीकरण आयर्लंडमध्ये झालं. अल्फिया म्हणून दिसतं ते विकलो परगण्यातलं किलरडरी हाउस. पहिल्या पर्वाचे सहा भाग. दुसरं पर्व 16 सप्टेंबर 2022 रोजी, सात भागांचं. नोव्हेंबर 2022 मध्ये मालिका रद्द झाल्याचं यंग यांनी जाहीर केलं. कथा अर्धवटच राहिली.

मालिका कुणी पाहिलीच नाही, असं मात्र झालेलं नाही. पहिल्या 28 दिवसांत 5.7 कोटी घरांनी ती लावल्याचा आकडा नेटफ्लिक्सनं दिला होता. त्या काळच्या त्यांच्या पद्धतीत दोन मिनिटं पाहिलं तरी घर मोजलं जाई, हे धरूनसुद्धा आकडा मोठाच आहे. याचा अर्थ लोक दारापर्यंत आले होते. नाराजी आत आल्यावरची आहे, आणि तीच तपासायची आहे.

आमचं निदान

चाहत्यांच्या तक्रारी सगळ्यांना पाठ आहेत: पंख नाहीत, रंग नाहीत, फ्लोरा नाही, सगळं अंधारं आणि उदास. तक्रारी खऱ्या आहेत, पण लिहिणाऱ्याला त्यांचा थेट उपयोग होत नाही. “पंख हवे होते” एवढं ऐकून पुढचा गट पंख लावतो आणि तरीही पडतो. रूपांतरात गोष्टी काढाव्याच लागतात. मूळ मालिकेतली प्रत्येक ठळक गोष्ट कथेत काहीतरी काम करत असते, आणि ती काढली की ते काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावं लागतं. ‘फेट’मध्ये गोष्टी काढल्या गेल्या, पण त्यांची कामं वाऱ्यावर सोडली गेली. बहुतेक दुखणी इथून निघतात.

तपासायची रीत सोपी आहे. एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात मूळ मालिकेतली गोष्ट, दुसऱ्यात तिचं काम, तिसऱ्यात नव्या रूपात ते काम कोण करतं. तिसरा रकाना रिकामा राहिला की तिथे धोक्याची खूण करा. दुसरा रकाना भरताना “छान दिसते” असं लिहायचं नाही. काम क्रियापदात लिहायचं: ओळख पटवते, वेळ देते, बक्षीस देते, भीती घालते.

हाच कागद 2010 मध्ये आलेल्या ‘द लास्ट एअरबेंडर’ या सिनेमावर ठेवून पाहा. मूळ अ‍ॅनिमेशन मालिकेत माती-दगड हलवणाऱ्या कैद्यांना समुद्रातल्या धातूच्या तळावर डांबलेलं असतं. धातूचं काम एकच: हे शक्तिमान लोक गप्प का बसले आहेत, याचं उत्तर देणं. नायक हवेच्या मार्गातून कोळसा वर पोहोचवतात तेव्हा कैद्यांच्या हाती पहिल्यांदा ‘माती’ येते. सिनेमात तुरुंग जमिनीवरच आला, चहूकडे दगड. धातू गेला आणि त्याचं काम कुणीच उचललं नाही. नायकाला कैद्यांना सांगावं लागतं की अरे, तुमच्या पायाखालीच माती आहे, आणि तेवढ्यावर बंड पेटतं. एक जागा बदलल्यानं अख्खा प्रसंग पोकळ झाला.

कायापालट : सर्वांत महाग चूक

आता ‘विंक्स’मधला कायापालट घ्या. पडद्यावर तो काही सेकंदांचा, आणि दर वेळी जवळजवळ तीच चित्रं पुन्हा. अ‍ॅनिमेशनवाल्यांना ते सोयीचं असतं, एकदा काढलेली रिळं पुन्हा वापरता येतात. पण कथेत त्याची कामं बरीच आहेत. आता लढाई सुरू होणार, ही खूण मिळते. सगळ्याच मुलींना समान वेळ मिळतो, कारण एकीचा कायापालट झाला की दुसरीचा येतो. रंग आणि मुद्रा यांतून कोण कोणती ते डोळ्यात बसतं. आणि मोठं काम म्हणजे मुलगी मनानं वाढली की तिचं रूपही वाढतं.

या शेवटच्या कामाचं उदाहरण तिसऱ्या पर्वात आहे. तिथे ‘एन्चँटिक्स’ हे वरचं रूप मिळवायचं तर आपल्या जगातल्या कुणासाठी तरी स्वतःला पणाला लावावं लागतं. फ्लोराला ते मिळतं तेव्हा तिची धाकटी बहीण मिएले पाण्यात पडलेली असते, आणि फ्लोरा स्वतःचा विचार न करता तिच्यामागे उडी घेते. नियम प्रेक्षकाला आधी सांगितलेला असतो, किंमत डोळ्यासमोर मोजली जाते आणि पंख मग येतात. सात-आठ वर्षांच्या मुलीलाही हे समजतं. म्हणून ते पंख तिला स्वतःचे वाटतात.

‘फेट’च्या पहिल्याच भागात मुख्याध्यापिका डाऊलिंग ब्लूमला सांगतात की पऱ्यांना पूर्वी पंख असत, ती जादू काळाच्या ओघात हरवली. एका संवादात सगळं मिटवलं. खर्चाच्या हिशेबानं हे समजण्यासारखं आहे, कारण पाच मुलींचे पंख प्रत्येक चौकटीत संगणकावर काढायचे म्हणजे पैसा पाण्यासारखा जातो. प्रश्न उरतो तो तिसऱ्या रकान्याचा. लढाईची खूण, समान वेळ, ओळख, वाढीचं बक्षीस ही कामं पुढे कोण करणार?

पंखांच्या जागी डोळे आले. जादू करताना मुलीचे डोळे तिच्या शक्तीच्या रंगात चमकतात: ब्लूमचे आगीसारखे, फ्लोराच्या जागी आलेल्या टेराचे हिरवे, म्युझाचे जांभळट. कल्पना वाईट नाही, स्वस्त आहे आणि नटीचा चेहरा मोकळा ठेवते. पण चमकणारा डोळा दिसायला क्लोजअप लागतो. चार पावलं मागे गेलात की बुबुळ ठिपक्याएवढं होतं आणि चमक नाहीशी. त्यामुळे जादूचा कुठलाही प्रसंग चेहरा, परिणाम, पुन्हा चेहरा, पुन्हा परिणाम अशा तुकड्यांत कापावा लागतो. पाच जणी एका चौकटीत, पूर्ण अंगानं, एकत्र जादू करताहेत असा शॉट जवळपास अशक्य होऊन बसतो. मैत्रिणींच्या गटाची कथा सांगायची आणि गट एका चौकटीत मावणार नाही अशी दृश्यभाषा निवडायची! कॅमेऱ्यामागे बसणाऱ्यांनी ही जागा नीट समजून घ्यावी, कारण कागदावर हा दोष दिसत नाही, एडिटिंगच्या टेबलावर दिसतो आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

पर्वाच्या शेवटी ब्लूमला आगीचे पंख फुटतात. दृश्य म्हणून ते चांगलं जमलं आहे, कारण आग स्वतःच उजेड देते आणि रात्रीच्या अंधारात तो उजेड खरा वाटतो. पण ते मिळवण्याचा नियम आधी कुठेच मांडलेला नाही. ब्लूमनं नेमकं काय केलं म्हणून पंख आले, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आणि बाकी चौघी कोऱ्याच राहतात.

रंग गेले, ओळख गेली

नाशिकच्या रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात, उडी मारून वर आलेल्या माणसाला कुठून आलास असं विचारावं लागत नाही. पिवळाधमक असेल तर तिवंधा, गुलाबी असेल तर शनि चौक, केशरी असेल तर दिल्ली दरवाजा. मूळ ‘विंक्स’मधले रंग हेच काम करतात. धावपळीच्या लढाईत, अर्ध्या सेकंदाच्या शॉटमध्येही कुठली मुलगी ते कळतं.

‘फेट’मध्ये कपडे मळखाऊ, आभाळ ढगाळ, रात्रीचे प्रसंग जंगलातले, आणि सगळ्यावर ग्रेडिंगचा, म्हणजे चित्रीकरणानंतर चढवलेल्या रंगछटेचा, राखाडी-निळा हात. हा रंग गंभीरपणाची खूण म्हणून निवडला आहे, हे उघड दिसतं. काळोख आणि धुकं संगणकीय दृश्यांतली कसर झाकतात, तोही एक फायदा. पण पाच नायिका, त्यांतल्या काही तुम्ही नुकत्याच पाहिलेल्या, आणि रात्रीचं जंगल: पहिल्या दोन भागांत कोण कुठे उभी आहे ते शोधण्यातच प्रेक्षकाची शक्ती जाते. काळोख ठेवायचाच होता तर प्रत्येकीला एक ठाम रंगाची वस्तू पुरली असती. ओढणी, जाकीट, केसांतला पट्टा, काहीही. म्युझाचे हेडफोन हे काम करतात, आणि म्हणूनच ती लगेच ओळखू येते.

सहा भागांत पंधरा माणसं

वेळेचं गणित करून बघू. मूळ पहिलं पर्व 26 भागांचं, भाग साधारण 22 मिनिटांचा, म्हणजे जवळपास 570 मिनिटं. ‘फेट’चं पहिलं पर्व सहा भागांचं, भाग साधारण 50 मिनिटांचा, म्हणजे 300 मिनिटं. वेळ निम्म्याच्या आसपास आला.

आता पात्रं मोजा. ब्लूम, स्टेला, आयशा, टेरा, म्युझा. स्काय, रिव्हन, डेन, सॅम, बिआट्रिक्स. मोठ्यांत डाऊलिंग, सिल्व्हा, हार्वी, रोझलिंड, राणी लूना. पंधरा झाले, आणि प्रत्येकाला स्वतःचं गुपित किंवा प्रेमप्रकरण आहे. 300 भागिले 15, माणशी 20 मिनिटं. त्यातून ‘बर्न्ड वन्स’ हे राक्षस, अ‍ॅस्टर डेल गावाच्या संहाराचं जुनं रहस्य आणि ब्लूमच्या जन्माचा शोध. मुली एका खोलीत बसून नुसत्या गप्पा मारताहेत, एकमेकींना हसताहेत, अशा दृश्यांना वेळ उरणार कुठून? मैत्री घडताना दिसत नाही, झाली आहे असं गृहीत धरलं जातं.

पटकथा लिहिताना हा भागाकार पहिल्या आठवड्यातच करा. मुख्य पात्राला निदान 40 मिनिटं आणि दुय्यम पात्राला 10 मिनिटं येत नसतील तर पात्रं कमी करा. काढताना पुन्हा तोच कागद पुढे घ्या.

तिघींची एक केली

आयसी, डार्सी, स्टॉर्मी यांच्या जागी बिआट्रिक्स ही एकच मुलगी आली. सेडी सोव्हरॉल हिनं ती मन लावून केली आहे आणि पात्र म्हणून ती रंगतदारही आहे. पण ट्रिक्स तिघी होत्या याला कारण होतं. त्या नायिकांच्या गटाचा आरसा होत्या. इकडे मैत्रीनं बांधलेल्या मुली, तिकडे स्वार्थानं बांधलेल्या. दोन गट समोरासमोर आले की प्रेक्षक न सांगता तुलना करतो. एकटी खलनायिका आली की लढाई व्यक्तींची होते आणि मैत्रीला मोजायचं मापच उरत नाही. नट वाचले, मानधन वाचलं, संवाद कमी झाले, पण ‘क्लब’ या कल्पनेचा अर्थ गेला.

क्लाउड टॉवर आणि रेड फाउंटन या शाळाही अल्फियात विरघळल्या. एकाच वास्तूत चित्रीकरण करायचं तर ते व्यवहाराला धरून आहे, त्यात खोड काढण्यासारखं फार नाही.

फ्लोरा, टेक्ना आणि म्युझा

2020 च्या डिसेंबरात झलक आली तेव्हाच वाद पेटला. स्ट्राफी यांनी पूर्वी सांगितलेलं होतं की फ्लोराचा चेहरामोहरा जेनिफर लोपेझवरून आणि म्युझाचा लूसी ल्यूवरून सुचला. नव्या मालिकेत फ्लोराच नव्हती. तिच्या जागी तिची चुलत बहीण म्हणून टेरा आली, गोरी. म्युझाच्या भूमिकेत निवडलेली नटीही पडद्यावर पूर्व आशियाई वाटत नव्हती. टेक्नाचा तर पत्ताच नाही.

लॅटिन अमेरिकी किंवा आशियाई वळणाच्या चेहऱ्याच्या मुलींना या मालिकेनं 2004 पासून स्वतःची परी दिली होती. “ही माझ्यासारखी दिसते” हे वाक्य म्हणजे फ्लोराचं आणि म्युझाचं काम. ते दुसऱ्या कुठल्या पात्राकडे सोपवताच येत नाही. कागदावर अशा नोंदी निघाल्या की त्यांच्याभोवती लाल वर्तुळ करावं. आपल्याकडेही हे लागू आहे. नाशिकच्या गटानं पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातली पोरगी कथेत लिहिली असेल तर ती भूमिका शहरातल्या ओळखीच्या मुलीला चेहऱ्याला रंग फासून देऊ नये. तिकडच्या शाळांत जाऊन शोधावं, मुलगी सापडते.

ब्लूमची शक्ती कशातून आली

या मुद्द्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, पण पटकथेच्या दृष्टीनं सर्वांत मोठा फरक इथे आहे. मूळ मालिकेत ब्लूमची शक्ती पहिल्यांदा जागी होते ती स्टेला या अनोळखी मुलीला राक्षसांच्या तावडीतून सोडवताना. कुणाला तरी मदत करायला गेली आणि आग बाहेर आली. तीच स्टेला मग तिची पहिली मैत्रीण.

‘फेट’मध्ये आईशी भांडण होतं, ब्लूम रागात असते, रात्री घराला आग लागते आणि आई भाजते. शक्ती तीच, उगम उलटा. हा बदल धाडसी आहे आणि वाईट मुळीच नाही. अपराधी भावनेतून सुरू झालेली कथा जास्त खोल जाऊ शकते. मात्र मग तिला मोकळं होण्यासाठी माणसं द्यावी लागतात. इथे स्टेला सुरुवातीला स्काय या मुलावरून तिची प्रतिस्पर्धी केली आहे. पहिल्या मैत्रिणीचं काम आयशाकडे आलं, पण ब्लूम वारंवार सगळ्यांपासून गोष्टी लपवत एकटीच धावते. जखम दिली, मलम लावायला कुणाला वेळ दिला नाही.

जे जमलं

पहिल्या भागात टेरा रिव्हन या मुलाला वेलीनं गळा आवळून थांबवते. इलियट सॉल्ट या नटीनं तोवर टेराला बडबडी, जरा बावरी, सगळ्यांना खूश ठेवू पाहणारी दाखवलं आहे. रिव्हन कुचकं बोलत राहतो, ती हसून साजरं करते, आणि मग एका क्षणी वेल पुढे येते. शक्ती, स्वभाव आणि परिणाम तिन्ही एकाच कृतीत. इथे महागडं काही लागलेलं नाही. पहिल्या दृश्यापासून साठवलेला अपमान लागला आहे.

म्युझाचंही तसंच. संगीताची परी बदलून तिला इतरांच्या भावना जाणवणारी केली, आणि गर्दीचा त्रास टाळायला ती सतत हेडफोन लावते. मूळ मालिकेतलं संगीत जाऊनही एका वस्तूत त्याची आठवण राहिली. तिसरा रकाना भरलेला असला की बदल टिकतो, याचे हे दोन दाखले.

दुसऱ्या पर्वातली डागडुजी

दुसऱ्या पर्वात पॉलिना चावेझ हिला घेऊन फ्लोरा आणली. मुली एकत्र जास्त दिसल्या. शेवटाकडे बाकीच्यांनाही पंख मिळाले. पण रोझलिंडची नटी बदलली, डाऊलिंग पहिल्या पर्वाअखेर मारली गेलेली, नव्या खलनायकाची नवी गुंतागुंत आली. डागडुजी प्रेक्षक मागेल त्या क्रमानं केली गेली. रंग, पंख, फ्लोरा हे आलं, पण पंख मिळवण्याचा स्वच्छ नियम तेव्हाही आला नाही. शेवटच्या भागात ब्लूम अंधाराच्या जगात आपल्या आईपाशी पोहोचते आणि तिथेच मालिका थांबते. रेनबोनं पुढे 2025 मध्ये ‘विंक्स’ची नवी अ‍ॅनिमेशन मालिका आणली. तिच्यात रंग आणि कायापालट दोन्ही परत आहेत.

नाशिकला हे नवं नाही

चित्रातल्या अद्भुताला हाडामांसात उतरवायचा प्रश्न या शहरात शंभर वर्षांपूर्वी सोडवला गेला आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 1913 मध्ये आपली कंपनी नाशिकला घेऊन आले आणि 1917 मध्ये त्यांचा ‘लंकादहन’ आला. लोकांच्या मनात देवादिकांची रूपं छापील तसबिरींनी आधीच ठसवलेली होती. फाळके स्वतः रविवर्मांच्या छापखान्यात काम केलेले, त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून हनुमंताची शेपटी राहिली, उड्डाण राहिलं, लंकेची आग राहिली. कॅमेऱ्याच्या करामती त्यांनी त्यासाठीच शोधल्या. दुसरीकडे राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानं केल्या, तेही लोकांनी मानून घेतलं. प्रेक्षक कशाला सूट देतो आणि कशाला देत नाही, याचा इतका नेमका अंदाज आज करोडो खर्चूनही चुकतो.

जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातला बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, तोही पाहावा. टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीच्या चालीवर सोंग येतं. मुखवट्याआड गावातलाच माणूस आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी देवाचं सोंग आलं की लोक हात जोडतात. चाल बदलली की दुसरं सोंग येणार हे न बघता कळतं. कायापालटाची खूण इथे कानाला मिळते.

करून बघायचं तर

दहा मिनिटांच्या शॉर्ट फिल्ममध्ये एक कायापालट बसवायचा, असा सराव घ्या. पात्रं तीनच ठेवा. कायापालटाला 15 ते 20 सेकंद द्या, जास्त नको. पहिल्या दोन मिनिटांत नियम प्रेक्षकाला दाखवा, शक्यतो कृतीतून.

पंख खरे करायचे असतील तर पतंगाच्या कामटीचा सांगाडा आणि वर ऑर्गंझा. मेन रोडवरच्या कापड दुकानांत तो मीटरवर मिळतो. कडेला येवल्याच्या पैठणीसारखी जरीची पट्टी शिवली तर उजेड धरते. दोन्ही पंख मिळून वजन एक किलोच्या आत ठेवा, नाहीतर नटी अर्ध्या तासात खांदे पाडते. पंख पाठीला थेट बांधले की प्रत्येक पावलाला डुगडुगतात, कारण टेकू अरुंद असतो. दोन खवाट्यांच्या मध्ये साधारण 20 बाय 15 सेंटिमीटरची प्लायची किंवा जाड फोमची पाटी बसवा, पट्टे खांद्यांवरून आणि काखेखालून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवा, वरून पोलकं किंवा जाकीट घाला. गंगापूर धरणाच्या काठावर वारा जोराचा असतो, तिथे मोठे पंख नेऊ नका, कामटी मोडते.

ऑर्गंझावर समोरून प्रकाश टाकला तर ते साधं कापड दिसतं. दिवा मागून, जरा वरून आणि तिरपा हवा, म्हणजे कापड पेटल्यासारखं उजळतं. सूर्यास्ताआधीची वीस-पंचवीस मिनिटं सर्वांत चांगली, त्यामुळे आधी दोन दिवस त्याच वेळी जाऊन सावली कुठे पडते ते बघून या. पांडवलेणीसारख्या संरक्षित जागी चित्रीकरण करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आधी काढा. इगतपुरीचं पावसाळी धुकं फुकट मिळतं, पण त्यात पात्रांचे रंग फिके पडतात, तेव्हा तिथे कपडे नेहमीपेक्षा भडक घ्या.

पंख संगणकावर काढणार असाल तर मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट बसवा, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, आणि नटीचा शॉट झाल्यावर ती बाजूला गेल्यावरची रिकामी चौकट दहा सेकंद तशीच घ्या. केस बांधा. सुटे केस पंखांपुढे उडाले की ते कापून काढण्यात रात्री जातात. बहुतेकांचे संगणकीय पंख खोटे वाटतात ते चित्र वाईट असतं म्हणून नव्हे. पंख चमकतात आणि नटीच्या मानेवर, केसांवर त्या चमकेचा उजेड पडलेला नसतो, म्हणून. चित्रीकरणाच्या वेळीच तिच्या मागे चौकटीबाहेर एलईडी पॅनल धरा, वर नारिंगी जिलेटिन कागद लावा आणि एकानं हातानं त्याची तीव्रता खालीवर करत राहा.

आवाज सगळ्यात आधी ठरवा. प्रत्येक पात्राला संबळाचा किंवा दुसऱ्या कुठल्या वाद्याचा चार मात्रांचा वेगळा तुकडा द्या. तो आधी रेकॉर्ड करून सेटवर लावा आणि नटीला त्याच्यावरच हालचाल बसवायला सांगा. तुकडा पहिल्यांदा वाजतो ती जागा कायापालटाच्या निदान तीन-चार मिनिटं आधीची असू द्या, जिथे पात्र अजून काहीच करू शकत नाही. काटछाट झाल्यावर, चित्र न दाखवता नुसता साउंडट्रॅक एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला ऐकवा आणि आता कोण आलं ते विचारा. त्याला सांगता आलं नाही तर चित्रीकरण पुन्हा करू नका, तुकडा बदला आणि पहिल्या दोन मिनिटांचं एडिटिंग पुन्हा बघा.